पार्वाल्ब्युमिनच्या पेशी नकाशात शेजारच्या घरात का जाऊन बसतात?

तक्रार नेहमीची आहे. उंदराच्या मेंदूचे काप पार्वाल्ब्युमिनसाठी, म्हणजे ठराविक न्यूरॉन बनवतात त्या प्रथिनासाठी, रंगवले, स्कॅन केले, पेशी मोजल्या आणि अ‍ॅलन अ‍ॅटलसवर, म्हणजे उंदराच्या मेंदूच्या प्रमाण नकाशावर, बसवल्या. तक्ता उघडला तर थॅलॅमसच्या व्हीपीएम आणि व्हीपीएल या केंद्रकांत (न्यूरॉनच्या पुंजक्यांत) पेशी शेकड्यांनी, कॉर्पस कॅलोसम या तंतूंच्या पट्ट्यातही मूठभर, आणि रेटिक्युलर केंद्रकात मात्र अपेक्षेच्या निम्म्याच. मग कोणीतरी थ्रेशोल्ड, म्हणजे पेशी मानण्यासाठीची उजेडाची किमान मर्यादा, वाढवतं. कॉर्पस कॅलोसम साफ होतो, पण त्याबरोबर कॉर्टेक्समधल्या फिक्या पेशीही जातात. पुढच्या मेंदूला तो थ्रेशोल्ड चालत नाही आणि महिनाभराने तीच तक्रार पुन्हा समोर येते.

या एका लक्षणामागे चार वेगळे बिघाड असू शकतात. पेशी ओळखण्यात चूक, काप अ‍ॅटलसवर बसवण्यात चूक, एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आकडे नेताना चूक, किंवा मुळात ऊतीतच दोष. तक्त्यात चारही सारखेच दिसतात. त्यामुळे थ्रेशोल्डला हात लावण्याआधी यांतला कोणता आहे ते ठरवायचं. अर्धा तास पुरतो.

खाली दिलेले आकडे प्रौढ उंदीर, ४० मायक्रॉनचे कोरोनल काप, चारातला एक काप रंगवलेला आणि स्लाइड स्कॅनरवरची साधी वाइडफील्ड प्रतिमा, अशा मांडणीसाठी आहेत.

साक्षीदार कोण

रेटिक्युलर केंद्रक, म्हणजे आरटी, हे या कामासाठी निसर्गाने दिलेलं मापच आहे. थॅलॅमसच्या बाहेरच्या अंगाला गुंडाळलेला हा पातळ पापुद्रा. मधल्या कापांत त्याची जाडी दोन-तीनशे मायक्रॉनच्या घरात. यातले बहुतेक न्यूरॉन पार्वाल्ब्युमिन बनवतात. त्याच्या आतल्या बाजूला व्हीपीएम आणि व्हीपीएल. उंदरात तिथे पार्वाल्ब्युमिनची पेशीकाया जवळपास नसते. बाहेरच्या बाजूला इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे तंतूंचा जुडगा. मधे गर्दी आणि दोन्हीकडे शांतता. काप शंभर मायक्रॉन जरी सरकला तरी इथे लगेच चोरी पकडली जाते. कॉर्टेक्समध्ये तेवढाच सरकलेला काप कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे थर ४ मधल्या पेशी थर ५ मध्ये गेल्या तरी दोन्ही आकडे पटण्यासारखेच दिसतात.

दुसरा साक्षीदार कॉर्पस कॅलोसम. तिथे पेशी असायलाच नकोत. त्याच्या वर कॉर्टेक्सचा थर ६बी असतो आणि तो इतका पातळ आहे की पन्नास मायक्रॉनच्या घसरणीत त्यातल्या पेशी थेट तंतूंत उतरतात. कामचलाऊ नियम असा ठेवावा: एकूण पेशींपैकी शंभरात पाचांहून जास्त पेशी तंतुमार्गांत पडत असतील तर त्या मेंदूचे बाकीचे आकडे वाचूच नयेत.

दुसरं प्रथिन असेल तर साक्षीदार बदलतो, तत्त्व तेच. टायरोसिन हायड्रॉक्सिलेजला सब्स्टान्शिया नायग्राचा कॉम्पॅक्टा भाग, कॅल्बिंडिनला सेरेबेलममधल्या पुर्किंजे पेशी. न्यूएन या न्यूरॉनच्या सर्वसाधारण खुणेच्या बाबतीत उलटी खबरदारी घ्यावी लागते. पुर्किंजे पेशी आणि घ्राणकंदातल्या मायट्रल पेशी न्यूएनला रंगतच नाहीत, त्यामुळे तिथे शून्य आलं म्हणून स्टेनिंग बिघडलं असं समजू नका. वयाचंही तसंच. उंदराच्या कॉर्टेक्समध्ये पार्वाल्ब्युमिन जन्मानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसू लागतं. सातव्या दिवसाचा कॉर्टेक्स कोरा असेल तर अँटीबॉडीला दोष नको.

आधी अ‍ॅटलस बाजूला ठेवा

आरटी असलेला एक काप घ्या. सॉफ्टवेअरने शोधलेल्या पेशींचे केंद्रबिंदू मूळ, न कापलेल्या, न फिरवलेल्या प्रतिमेवर ठिपके म्हणून टाका. सीमा नकोत, भागांची नावं नकोत. ठिपके पेशींवर बसले आहेत का, एवढंच पाहायचं.

व्हीपीएममध्ये पेशी नसताना ठिपके पडले असतील तर बिघाड ओळखण्यातला आहे, आणि त्याचं एक ठराविक कारण आहे. आरटीच्या न्यूरॉनचे ॲक्सॉन व्हीपीएम-व्हीपीएलमध्ये जातात आणि त्यांतही पार्वाल्ब्युमिन असतं. त्यामुळे तो सगळा प्रदेश धुकट उजळतो. संपूर्ण कापासाठी एकच थ्रेशोल्ड लावला की धुक्यातले दाट पुंजके पेशी म्हणून मोजले जातात. उपाय म्हणजे स्थानिक पार्श्वभूमी वजा करणं.

पेशी मोजण्याचं क्यूपाथ हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची मूळ मूल्यं पेशीकेंद्रकांसाठी बेतलेली आहेत हे विसरू नका: पार्श्वभूमीची त्रिज्या ८ मायक्रॉन, सिग्मा (प्रतिमा किती मऊ करायची) १.५ मायक्रॉन, किमान क्षेत्रफळ १० आणि कमाल ४०० चौरस मायक्रॉन, पेशीचा विस्तार ५ मायक्रॉन. पार्वाल्ब्युमिन केंद्रकापुरतं राहत नाही, सगळी पेशीकाया भरतं. १५ मायक्रॉन व्यासाच्या पेशीचं क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस मायक्रॉन होतं. म्हणून पार्श्वभूमीची त्रिज्या १५ वर न्या. ती सर्वांत मोठ्या पेशीच्या त्रिज्येपेक्षा मोठीच हवी, नाहीतर पेशीचाच उजेड पार्श्वभूमी समजून वजा होतो. सिग्मा २ ते २.५ करा, म्हणजे डेन्ड्राइटच्या फांद्यांमुळे एका पेशीचे दोन तुकडे पडणार नाहीत. किमान क्षेत्रफळ ५० ते ६०, विस्तार शून्य. स्कॅन ०.६५ मायक्रॉन प्रति पिक्सेलचा असेल तर तपासणीचा पिक्सेलही ०.६५ ठेवा, ०.५ मागून नवी माहिती मिळत नाही.

हे करण्याआधी प्रतिमेच्या माहितीत पिक्सेलचा आकार लिहिलेला आहे ना, ते पाहा. टिफमध्ये रूपांतर करताना तो अनेकदा गळतो. मग क्यूपाथ मायक्रॉनऐवजी पिक्सेलमध्ये मोजू लागतं आणि तुम्ही भरलेले आकडे भलत्याच अर्थाने वापरले जातात. पेशींचं सरासरी क्षेत्रफळ पाहिलं की कळतं: १५० ते २५० च्या आसपास असेल तर ठीक, चारशे-पाचशे दिसत असेल तर पिक्सेलच मोजले जात आहेत.

दुसरा सापळा म्हणजे प्रत्येक कापासाठी आपोआप ठरणारा थ्रेशोल्ड. ओत्सूची पद्धत प्रतिमेचे दोन गट पाडतेच, दुसरा गट असो वा नसो. ज्या कापात पेशी नाहीत तिथेही ती काहीतरी ‘सकारात्मक’ शोधून देते. त्यापेक्षा प्रत्येक बॅचमध्ये प्राथमिक अँटीबॉडीशिवाय रंगवलेला एक काप ठेवा, त्याची पार्श्वभूमी मोजा आणि थ्रेशोल्ड अख्ख्या बॅचला एकच लावा. समजा त्या कापाची सरासरी ४०० आणि प्रमाण विचलन ६० आलं, तर सरासरीत पाच विचलनं मिळवून ७०० पासून सुरुवात करा आणि रंगवलेल्या कापावर डोळ्यांनी पडताळा. इथे स्थानिक पार्श्वभूमी आधीच वजा केली असेल तर नियंत्रण कापावरही तीच वजाबाकी करून मग मोजा.

ओळख बरोबर आहे की नाही हे एकूण बेरजेवर ठरवू नका. ५०० बाय ५०० मायक्रॉनच्या सहा चौकटी घ्या: कॉर्टेक्समध्ये दोन, हिप्पोकॅम्पस, आरटी, व्हीपीएम आणि कॉर्पस कॅलोसममध्ये एकेक. प्राणी कोणत्या गटातला हे माहीत नसलेल्या माणसाकडून हाताने मोजून घ्या. समजा हाताने १२० आल्या, सॉफ्टवेअरने १३० दिल्या. फरक आठ टक्के, वाटतं छानच. पण जुळलेल्या फक्त १०८ असतील तर १२ खऱ्या पेशी सुटल्या आणि २२ खोट्या शिरल्या. त्या २२ पैकी बहुतेक व्हीपीएमच्या चौकटीत असतील तर तुमच्या तक्रारीचं उत्तर मिळालंच.

सेलपोज किंवा स्टारडिस्ट ही पेशी ओळखणारी अवजारं वापरणाऱ्यांनाही ही चौकटींची चाचणी चुकत नाही. सेलपोजला पेशीचा व्यास देत असाल तर तो पिक्सेलमध्ये द्यावा लागतो: १५ मायक्रॉन भागिले ०.६५, म्हणजे सुमारे २३. स्कॅन २०× वर बदलून पिक्सेल ०.३२५ झाला की हा आकडा ४६ करावा लागतो, आणि नेमका तोच करायचा राहून जातो.

ठिपके पेशींवर आहेत, तरी भाग चुकतो

आता बिघाड काप बसवण्यातला. जास्तीत जास्त वेळा तो इथेच निघतो.

अ‍ॅटलसबद्दल थोडं. अ‍ॅलन संस्थेचा सामायिक चौकटीचा तिसरा अवतार, सीसीएफव्ही३, १,६७५ प्रौढ उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून बनवला आहे; मूळ व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमितीतला पिक्सेल, १० मायक्रॉनचा. सरासरी असल्यामुळे तो कोणत्याच एका उंदराचा मेंदू नाही, आणि तुमचा काप काचेवर चढताना ताणला, सुकला, पसरला आहे. दोघे फक्त सरकवून आणि फिरवून कधीच जुळणार नाहीत. वय ५६ दिवसांच्या आसपासचं आहे हेही ध्यानात ठेवा. चौदा दिवसांच्या पिल्लाचे काप यावर बसवण्याचा अट्टाहास करू नका. विकसनशील मेंदूसाठी चौथ्या आणि चौदाव्या दिवसाचे वेगळे अ‍ॅटलस आहेत.

पहिली तपासणी कोनाची. मायक्रोटोमवर ठोकळा जरा वाकडा बसला की प्रत्येक काप तिरका येतो. वरून खाली ५ अंशांचा कल असेल तर ६ मिलिमीटर उंचीत तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त होतो: कापाचा माथा मेंदूच्या एका पातळीचा, तळ दुसऱ्या. डावीकडून उजवीकडे ३ अंश कल असेल तर दोन्ही बाजूंच्या आरटींमध्ये पुढे-मागे सुमारे १९० मायक्रॉनचा फरक पडतो. ४० मायक्रॉनच्या चारातल्या एका मालिकेत हे एका अख्ख्या कापापेक्षा जास्त अंतर आहे. लक्षण सोपं असतं. एकाच कापात डावा हिप्पोकॅम्पस आणि उजवा हिप्पोकॅम्पस वेगळ्या आकाराचे दिसतात, आणि तक्त्यात डाव्या आरटीत पेशी भरपूर, उजव्यात कमी. अशा वेळी ‘पार्श्विक फरक सापडला’ म्हणून आनंदून जाऊ नये.

एकाच ठोकळ्यातून कापलेल्या सगळ्या कापांचा कोन सारखाच असतो, ही गोष्ट सगळ्यात कामाची. डीपस्लाइस हे काप आपोआप बसवणारं सॉफ्टवेअर प्रत्येक कापाचा कोन स्वतंत्रपणे सांगतं आणि ते अंदाज इकडेतिकडे हलतात. त्यामुळे कोन सर्व कापांना समान करण्याची पायरी चालवलीच पाहिजे. त्यानंतर कापांचा क्रम आणि त्यांतलं अंतर पक्कं करायचं, आणि इथे एक चूक हमखास होते. फाइलच्या नावात कापाचा क्रमांक असतो. चारातला एक काप घेतला असेल तर क्रमांक १, ५, ९, १३ असे द्या आणि जाडी ४० लिहा. किंवा १, २, ३, ४ असे द्या आणि जाडी १६० लिहा. नावं १, २, ३ आणि जाडी ४० असा संकर झाला तर मेंदू पुढून-मागे चौपट आखडतो. पहिले आणि शेवटचे काप मधल्या पातळ्यांवर येऊन बसतात. मधला एखादा काप फाटून गेला असेल तर त्याचा क्रमांक रिकामा सोडा. पुढच्यांना मागे ओढू नका.

डीपस्लाइस, किंवा हाताने क्विकएनआयआय, इथवरच नेतात: सरळ रेषेतलं बसवणं. काचेवर चढवताना मेंदूचा काप मात्र ठराविक ठिकाणी उघडतो. कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पसचा वरचा भाग थॅलॅमसपासून सुटतो, तळाशी दोन्ही अर्धगोल फाकतात. त्यासाठी नंतर वाकवून बसवण्याची पायरी हवी, व्हिज्युअलाइन या सॉफ्टवेअरमध्ये खुणा टाकून किंवा अब्बा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्प्लाइनने, म्हणजे नियंत्रणबिंदूंनी वाकणाऱ्या जाळीने. खुणा टाकताना क्रम पाळा. आधी बाहेरची कड, मग मध्यरेषा, मग व्हेन्ट्रिकलच्या भिंती आणि कॉर्पस कॅलोसमची खालची कड, शेवटी हिप्पोकॅम्पस आणि आरटीच्या दोन्ही सीमा. आतून सुरुवात केली तर नंतरची प्रत्येक खूण आधीच्या खुणेला हलवत राहते.

स्वयंचलित स्प्लाइनला नियंत्रणबिंदू जितके जास्त द्याल तितका काप सुंदर बसल्यासारखा दिसेल आणि तितकाच खोटा होईल. जास्त बिंदू मिळाले की गणित घडी, बुडबुडा, फाटलेली कड यांनाही शरीररचना समजून त्यांच्याभोवती अ‍ॅटलस वाकवतं. थोड्या बिंदूंनी सुरुवात करा आणि सीमा जिथे खरोखर सुटतात तिथेच हाताने दुरुस्त करा.

आणि काप कशावर बसवायचा? डॅपीवर, म्हणजे पेशीकेंद्रकं दाखवणाऱ्या रंगाच्या प्रतिमेवर. अब्बामध्ये अ‍ॅटलसची निस्सल वाहिनी (पेशीकाया रंगवलेल्या कापांची प्रतिमा) असते, डॅपी तिच्याशी बऱ्यापैकी जुळते. डॅपी नसेल तर हिरव्या वाहिनीतली ऊतीची स्वतःची चमक अ‍ॅटलसच्या प्रतिमेशी जुळवता येते. पार्वाल्ब्युमिनच्या वाहिनीवर मात्र बसवू नका. जे मोजायचं आहे त्याच्याच आधाराने सीमा ठरवल्या तर आरटी प्रत्येक वेळी पेशींच्या मागे धावतं आणि उत्तर आधीच ठरलेलं येतं. एखाद्या गटात पार्वाल्ब्युमिन खरोखर घटलं असेल, तर त्या गटाचे कापच वेगळे बसतील आणि तो फरक जीवशास्त्राचा की बसवण्याचा हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

बसवून झालं की सीमा फक्त डॅपीवर टाकून पाहा, पार्वाल्ब्युमिनची वाहिनी बंद ठेवून. मग ती उघडा. आरटीची गर्दी सीमेच्या आत बसली असेल तर पुढे जा.

डावं-उजवं उलटं होणं ही वेगळी, लाजिरवाणी चूक आहे. काप काचेवर पालथा पडला की सॉफ्टवेअरला ते कळत नाही. कापण्याआधी एका बाजूच्या कॉर्टेक्सच्या तळाशी सुईने बारीक भोक पाडून ठेवा. प्रत्येक कापात ते दिसतं.

सगळं बसलं आहे, तरी तक्ता चुकतो

हा बिघाड सर्वांत चिडचिडा, कारण पडद्यावर सगळं ठीक दिसत असतं. इथे खोट्या पेशींची चाचणी करा. ब्रेग्माच्या, म्हणजे कवटीवरच्या सांध्याच्या खुणेच्या, मागे साधारण दीड मिलिमीटरवरचा काप निवडा. त्यावर हाताने पाच बिंदू ठेवा: मेडियल हॅबेन्युलाच्या मध्यात, आरटीत, व्हीपीएममध्ये, कॉर्पस कॅलोसममध्ये आणि कापाबाहेर कोऱ्या काचेवर. हे पाचच बिंदू पेशी म्हणून पूर्ण प्रक्रियेतून न्या. तक्त्यात भागांचे ओळखक्रमांक अनुक्रमे ४८३, २६२, ७३३, कॉर्पस कॅलोसमचा ७७६ किंवा त्याचा एखादा उपभाग, आणि पाचव्यासाठी शून्य यायला हवं. न आल्यास कसं चुकलं यावरून दोष कळतो.

बिंदू तिरक्या रेषेभोवती आरशातल्यासारखे उलटले असतील तर क्ष आणि य यांची अदलाबदल झाली आहे. पायथॉनमध्ये सारणी आधी ओळ आणि मग स्तंभ वाचते, क्यूपाथ आधी क्ष देतं. सगळे बिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात आकसले असतील तर पूर्ण प्रतिमेचे आकडे आणि लहान केलेल्या प्रतिमेचे आकडे मिसळले आहेत. लहान करण्याचं प्रमाण १६ आहे असं गृहीत धरू नका, दोन्ही प्रतिमांच्या रुंदीचा भागाकार करून काढा. सगळे बिंदू एकाच दिशेने सारखेच सरकले असतील तर मधे कोणीतरी प्रतिमेच्या कडा छाटल्या आहेत. पेशींना भाग वाटून देणाऱ्या न्यूटिल या अवजाराला पेशींची प्रतिमा आणि अ‍ॅटलसचा नकाशा वेगवेगळ्या आकारांचे चालतात, पण लांबी-रुंदीचं गुणोत्तर तेच लागतं. एका बाजूची पांढरी पट्टी कापली की संपलं. न्यूटिलला नकाशा देताना तो व्हिज्युअलाइनमधून काढलेला आहे ना, हेही पाहा. चुकून आधीचा सरळ बसवलेला नकाशा दिला गेला तर तासभर खपून टाकलेल्या खुणा कुठेच लागू होत नाहीत.

अब्बा-क्यूपाथ जोडीत शिळा नकाशा हे नेहमीचं दुखणं. अब्बात काप पुन्हा बसवला, पण क्यूपाथमध्ये नव्याने निर्यात केला नाही, किंवा निर्यात केला आणि जुन्या पेशींना भाग पुन्हा वाटले नाहीत. सीमा नव्या दिसतात, पेशींच्या नावापुढचा भाग मात्र जुनाच. सीमा बदलल्या की जुने भाग पुसून नव्याने आणा आणि भागवाटप पुन्हा चालवा.

स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांसाठी आणखी दोन खड्डे. अ‍ॅटलसचा नकाशा लहान-मोठा करताना सरळ रेषेतलं अंतरायन (शेजारच्या मूल्यांची सरासरी काढणं) वापरलं, तर आरटीचा २६२ आणि व्हीपीएलचा ७१८ यांच्या सीमेवर ४९० जन्माला येतो, जो त्या दोघांपैकी कोणाचाच नाही. नकाशासाठी नेहमी जवळच्या शेजाऱ्याचं मूल्य घ्यायचं. सरळ अंतरायन फक्त राखाडी प्रतिमेसाठी. दुसरा खड्डा आकड्यांच्या लांबीचा. काही भागांचे ओळखक्रमांक अवाढव्य आहेत. दृष्टिकॉर्टेक्सच्या लॅटरोइंटरमीजिएट भागाचा क्रमांक ३१२७८२५७४ आहे. फिजी या प्रतिमा-सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट म्हणजे अपूर्णांकी संख्या आणि त्या १,६७,७७,२१६ पर्यंतच पूर्णांक नेमके धरतात. त्यापुढे हा क्रमांक गुपचूप ३१२७८२५६० होतो. १६ बिटमध्ये कापला तर ४४७८२ उरतो. दोन्ही यादीत सापडत नाहीत आणि त्या भागातल्या पेशी तक्त्यातून नाहीशा होतात. नकाशा ३२ बिट पूर्णांक म्हणूनच उघडा. २५ मायक्रॉनच्या नकाशाचा आकार ५२८, ३२०, ४५६ या क्रमात आला पाहिजे. क्रम उलटा दिसला तर अक्ष उलटले आहेत.

बेरजेतही फसगत होते. अ‍ॅलनची यादी झाडासारखी आहे. थॅलॅमसच्या ओळीत आरटी आधीच मोजलेलं असतं, कॉर्टेक्सच्या ओळीत सगळे थर. सर्व ओळींची बेरीज केली तर एकच पेशी चार-पाचदा मोजली जाते. बेरीज शेवटच्या फांद्यांचीच करायची.

दोष ऊतीतच असेल तर

ठिपक्यांच्या चाचणीत पेशी दिसतच नव्हत्या, किंवा एका बॅचमध्ये आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, तर सॉफ्टवेअर बंद करून टेबलावर या.

रक्तवाहिन्या उजळल्या असतील तर प्राथमिक अँटीबॉडी उंदरातली आहे का पाहा. पार्वाल्ब्युमिनच्या काही जुन्या, लोकप्रिय अँटीबॉडी उंदराच्या मोनोक्लोनल आहेत; उंदराच्याच ऊतीवर दुय्यम अँटीबॉडी तिथल्या मूळ इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटते. सशातली किंवा गिनीपिगमधली अँटीबॉडी घ्या. ते शक्य नसेल तर आधी उंदरविरोधी अँटीबॉडीच्या फॅब तुकड्यांनी काप झाकून घ्या. वाहिन्यांच्या आत लाल रक्तपेशी चमकत असतील तर परफ्युजन अपुरं झालं आहे: बर्फगार पीबीएस यकृत फिकं पडेपर्यंत, मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. नंतरचं स्थिरीकरण ४ अंशांवर १२ ते २४ तास पुरतं. आठवडाभर राहिलेल्या मेंदूत प्रथिन जाळीत अडकतं. असे काप १० मिलिमोलर सोडियम सायट्रेटमध्ये, पीएच ६, ८० अंशांवर अर्धा तास ठेवून पाहावे.

स्कॅनच्या प्रत्येक रंगवाहिनीत तेच ठिपके दिसत असतील तर ते लिपोफ्युसिन, म्हणजे पेशीत साठणारं आणि स्वतःच चमकणारं द्रव्य, म्हाताऱ्या उंदरांत फार. काहीही न रंगवलेली एक वाहिनी नेहमी स्कॅन करा. तिथेही दिसलेली पेशी वगळा. किंवा ७० टक्के अल्कोहोलमधल्या ०.१ टक्के सुदान ब्लॅक बीने विझवा, मात्र ते खरा संकेतही थोडा दाबतं, म्हणून सर्व गटांना सारखंच द्या.

कड उजळ आणि मध्य फिका, हे अँटीबॉडी आत न शिरल्याचं लक्षण. ०.३ टक्के ट्रायटन (पेशीपटल सैल करणारं डिटर्जंट), ४ अंशांवर २४ ते ४८ तास, मंद हलवत. २४ खाचांच्या प्लेटमध्ये अर्ध्या मिलिलिटरला चार-पाच कापांवर जाऊ नका. एकमेकांना चिकटलेले काप मधे कोरे राहतात आणि तो कोरा पट्टा नंतर नकाशात ‘घट’ म्हणून अवतरतो. पावसाळ्यात कोकणपट्टीवर स्लाइड रात्रभर उघड्यावर ठेवूनही नीट वाळत नाहीत, काप कव्हरस्लिप चढवताना सुरकुततात आणि मग कितीही स्प्लाइन लावा, बसत नाहीत. सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

स्कॅनच्या बाबतीत एवढंच: २०× चं ०.८ एनए (प्रकाश गोळा करण्याची क्षमता) असलेलं वस्तुभिंग जेमतेम एका मायक्रॉनच्या खोलीत स्पष्ट पाहतं, १०× चं ०.४५ एनए भिंग अडीच मायक्रॉनच्या आसपास. वाळलेला काप सपाट नसतो, त्यामुळे एका पातळीच्या स्कॅनला पेशीकाया मोजण्यासाठी १०× बरं. जोडलेल्या प्रतिमेत चौकोनी जाळी दिसली तर प्रकाश असमान आहे. बेसिक नावाच्या अवजाराने जोडण्याआधी दुरुस्त करा, जोडल्यानंतर उपयोग नाही. जेपेगमध्ये साठवलेल्या प्रतिमेवर तीव्रता मोजू नका.

दोन बॅच जुळत नाहीत

आधी कापांची जाडी विचारा. पेशी कापाच्या आत असो वा नुसती कडेला स्पर्श करणारी, मोजली जातेच. म्हणून क्षेत्रफळामागची संख्या जाडीवर एकट्या अवलंबून नसते, जाडी अधिक पेशीची उंची यांच्या बेरजेवर असते. १५ मायक्रॉनच्या पेशीसाठी ४० चा काप ५५ देतो आणि ३० चा ४५: मेंदू तोच, संख्या २२ टक्के जास्त. ॲबरक्रॉम्बीने १९४६ मध्ये दिलेली दुरुस्ती हीच आहे, मोजलेली संख्या गुणिले जाडी, भागिले जाडी अधिक उंची. एकाच अभ्यासात जाडी बदलू नये हे त्याहून सोपं.

घनतेच्या भागाकारातला छेदही तपासा. फाटलेला किंवा घडी पडलेला भाग अ‍ॅटलसच्या क्षेत्रफळात मोजला जातो, पण त्यात पेशी नसतात. घनता काढताना छेदात प्रत्यक्ष उरलेल्या ऊतीचं क्षेत्रफळ घ्या. आरटी पुढून-मागे दीड मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे १६० मायक्रॉनच्या अंतराने नऊ-दहा काप मिळतात. त्यांतले तीन फाटले तर तो मेंदू आरटीपुरता बाद करावा, उरलेल्यांवरून भरून काढू नये.

प्रत्येक बॅचमध्ये सगळ्या गटांचे प्राणी मिसळा, आणि एका संदर्भ मेंदूचे आरटीच्या पातळीचे काप अँटीफ्रीझमध्ये उणे २० अंशांवर साठवून दर बॅचला त्यातला एक रंगवा. त्याच्या आरटीतली संख्या आणि व्हीपीएममधली धुकट पार्श्वभूमी वहीत लिहीत जा. पुढच्या वेळी तक्ता विचित्र आला की पहिल्यांदा त्या वहीतली ओळ पाहायची: संदर्भ काप जागेवर असेल तर कोन आणि क्रमांकांकडे जा, तोही हलला असेल तर अँटीबॉडीच्या नव्या लॉटकडे.